मप्प्यावरचा डाग

लिंबू झालं, मीठ झालं, साबण झाला, तरी डाग हटायचं नाव घेईना. मातिल्दने कापड पुन्हा पाण्यात बुचकळलं, पिळलं, खिडकीच्या उजेडात धरलं, आणि तिच्या तोंडून जो शब्द निघाला तो शब्बाथच्या आदल्या दिवशी बाईमाणसाच्या तोंडून निघू नये. चांगला तळहाताएवढा तपकिरी डाग. आणि बसलाय कुठे मेला, तर नेमका झेंड्याला चिकटून!

कापड म्हणजे एक लांबच लांब पट्टा होता, टेबलाच्या दोन्ही टोकांवरून खाली लोंबणारा. लाझारदादाचा मप्पा. फ्रान्स-जर्मनीच्या सीमेवरच्या हाट्सबाखमधल्या प्रत्येक ज्यू मुलाचा असा एक मप्पा असायचा. जन्मानंतर आठव्या दिवशी सुंता होते तेव्हा बाळाखाली जे कापड अंथरतात तेच फाडायचं, पट्ट्या एकीला एक जोडायच्या, त्यावर रेशमाने बाळाचं नाव आणि आशीर्वाद भरायचे. पोर तीन वर्षांचं झालं की ते आपला मप्पा घेऊन सिनेगॉगमध्ये जाणार आणि तोराच्या, म्हणजे धर्मग्रंथाच्या, गुंडाळीला स्वतःच्या हाताने बांधणार. सिनेगॉगच्या पेटीत चार पिढ्यांचे मप्पे होते. चाळीस साली जर्मनांनी ते सगळे चौकात ओतून जाळले.

हा एक वाचला तो आईमुळे. घर सोडायला तासभर दिला होता, तेव्हा आईने चांदीच्या समया कपाटात तशाच ठेवल्या आणि थोरल्या मुलाचा घरी आणून ठेवलेला मप्पा परकराखाली कमरेला गुंडाळला. "चांदी पुन्हा मिळेल," ती म्हणाली होती. आई परत आली नाही, दूर दक्षिणेत दोर्दोन्यच्या मातीत राहिली. मप्पा आला. आणि उद्या, सहा वर्षांनी, सिनेगॉगचं दार पहिल्यांदा उघडणार होतं.

"मातिल्द, सोड ते धुणं. हे बघ."

तिचा दुसरा भाऊ आर्मां दारात उभा होता. आयुष्य गुरांच्या बाजारात गेलेलं, त्यामुळे त्याला हळू बोलणं ठाऊक नव्हतं. सतरा सालापासून डावा पाय वाकत नव्हता, तो आधी आत आला आणि मागून आर्मां. समाजाचा प्रमुख म्हणून उद्याचं सगळं त्याच्याच शिरावर होतं. त्याने टेबलावर एक खोका ठेवला आणि झाकण काढलं. आत पांढरं शुभ्र तागाचं कापड होतं, कडेने फ्रान्सच्या झेंड्याची निळी-पांढरी-लाल फीत.

"पोराचा मप्पा, माझ्या नातवाचा," तो म्हणाला.

मातिल्दने ओले हात पुसले, कापड चिमटीत धरून उचललं आणि परत खोक्यात ठेवलं.

"हा मप्पा नाही, आर्मां. हा टेबलावर घालायचा रुमाल आहे."

"स्ट्रासबुर्गच्या सगळ्यात मोठ्या दुकानातला आहे!"

"म्हणूनच. ह्याच्यावर पडून कोणी पोर रडलंय का? रडला असेल तर दुकानदार, तुझ्याशी भाव करता करता."

चुलीपाशी मासा साफ करणारी फेलिसी खुदकन हसली. फेलिसी म्हणजे आर्मांची बायको. सव्वीस वर्षांत नवऱ्याच्या पुढ्यात हसायची संधी तिने कधी सोडली नव्हती.

"तू माशाकडे बघ," आर्मां म्हणाला.

"माशाकडेच बघतेय. तो तुमच्यापेक्षा शांत आहे."

"हे बघ आर्मां," मातिल्दने मुद्द्याला हात घातला, "उद्या तोराला लाझारदादाचा मप्पा बांधायचा. आईने मला निघताना सांगितलं होतं, गावी परताल तेव्हा पहिला हाच बांधा. दादाला कबर नाही. रशियाच्या चिखलात कुठे पडलाय देव जाणे. निदान एवढं तरी त्याला मिळू दे."

"ह्या झेंड्यासकट?"

झाली सुरुवात. मातिल्दला हे ठाऊकच होतं. मप्प्याच्या शेवटी, लग्नमंडपाच्या आणि राशीच्या चित्रानंतर, काळ्या-पांढऱ्या-लाल रेशमाचा एक झेंडा भरलेला होता. कैसरचा, जर्मन सम्राटाचा झेंडा. लाझार जन्मला तेव्हा ह्या गावावर कैसरचं राज्य होतं, आणि लष्कराच्या छावणीतले लोक बाबांकडून घोडे घ्यायचे.

"बाबांनी भरून घेतला तो, धंद्यापायी," ती म्हणाली. "लाझारदादाने नाही. दोन वर्षांनी बाबांचं छावणीशी वाजलं, म्हणून तुझ्या मप्प्यावर झेंड्याच्या जागी गाय आली."

"गाय देखणी होती हो," फेलिसी म्हणाली. "लग्नानंतर मला दाखवली होती. म्हटलं, नवऱ्यापेक्षा ही बरी."

"थट्टा पुरे!" आर्मांने टेबलावर हात आपटला. "उद्या कर्नल येतोय. आशीलच्या तुकडीचा कर्नल. माझ्या मुलाचं शौर्यपदक घेऊन येतोय, सगळ्या गावासमोर द्यायला. माझा आशील डोंगरावर लढताना जर्मनांच्या गोळीने गेला. आणि मी काय करू? त्याच्या पोराच्या हातात जर्मन झेंडा देऊ? तो तोराला गुंडाळू? लोक थुंकतील माझ्या तोंडावर!"

"हा हिटलरचा झेंडा नाही."

"रंग तेच आहेत! गाव रंग बघतं." त्याने शिवणाच्या टोपलीतून कात्री उचलून तिच्यापुढे ठेवली. "तेवढा तुकडा काप. मग खुशाल बांध. मी अडवणार नाही."

"आधी माझा हात काप," मातिल्द म्हणाली.

कोपऱ्यात स्टुलावर बसून रेजीन नाशपाती सोलत होती. आशीलची विधवा. ह्या गदारोळात तिने मान वर केली नव्हती. मातिल्दला ह्या सुनेचं मन कधी कळलं नव्हतं. बाप पोलंडहून स्ट्रासबुर्गला आलेला शिंपी. माशात साखर घालणारी माणसं! लग्न ठरलं तेव्हा मातिल्दच म्हणाली होती की आपल्या ब्रुन्शविगांच्या घरात मासा अजमोद्याच्या हिरव्या रसातच होतो आणि होत राहील. मग रेजीनच्या आईबापांना उचलून नेलं, ती दोघं परत आली नाहीत, आणि मातिल्दने माशाचा विषय पुन्हा काढला नाही. पण जवळीक म्हणाल तर ती नव्हतीच.

"तुला एक विचारू, आर्मां?" मातिल्दचा आवाज आता खाली आला. तिचा आवाज खाली आला की घरातले सावध व्हायचे. "तू त्याचं नाव का घेत नाहीस? 'तो', 'थोरला', 'तुझा भाऊ'. जसा काही माझा एकटीचाच! तीस वर्षं झाली. लाझार म्हणताना जीभ झडते का तुझी?"

आर्मां खोक्याचं झाकण बसवू लागला.

सगळ्यांना सगळं ठाऊक होतं, तेच तर अवघड होतं. चौदा सालच्या ऑगस्टमध्ये लाझार आधीच कैसरच्या वर्दीत होता. आर्मांला बोलावणं यायच्या आत तो डोंगर ओलांडून फ्रान्समध्ये गेला आणि तिथल्या फौजेत भरती झाला. दुसऱ्या दिवशी शिपाई दारात. भाऊ पळाला म्हणून लाझारला उचलून रशियाच्या आघाडीवर धाडलं, अगदी पुढच्या फळीत. जाण्याआधी एकदाच घरी आला होता. आई रडत होती, आणि हा पठ्ठ्या हसत होता. "रडतेस काय, आई? दोघं राजे भांडतायत, आपण दोघांनाही एकेक पोरगा दिलाय. कोणीही जिंको, आपलं घर जिंकणारच!" हे तो बोलला तेव्हा मातिल्द सतरा वर्षांची होती, आणि असा भाऊ असल्याचा तिला जो अभिमान वाटला होता तो अजून उतरला नव्हता. दोन वर्षांनी तो गेल्याची तार आली. चौकातल्या स्मारकावर त्याचं नाव आहे, वर नुसतं 'आमच्या मृतांना' एवढंच. कोणासाठी मेले ते ह्या मुलखात कुठल्याच गावाने दगडावर कोरलं नाही.

"म्हण ना," आर्मां शेवटी म्हणाला. "मी पळालो म्हणून तो मेला. तीस वर्षं तुझ्या डोळ्यांत वाचतोय. आज तोंडाने म्हण, म्हणजे सुटलो एकदाचा."

"मी नाही म्हणत. मी कधीच म्हटलं नाही. तूच म्हणतोस, रोज, स्वतःशी. आणि मला तुझासुद्धा अभिमान आहे रे, मूर्खा! पाय मोडून घेऊन आलास, पण ताठ आलास. मी तुम्हा दोघांची बहीण आहे. एकाला कापून दुसऱ्याची कशी होऊ?"

फेलिसीने सुरी खाली ठेवली.

"ऊन उतरत चाललंय," फेलिसीच म्हणाली. "शब्बाथचे दिवे लावले की सुईला हात लावता यायचा नाही. काय ते ठरवा. आणि रेजीन, पोराचं नाव तरी सांग बाई आता. उद्या ह्यांना ते सगळ्यांसमोर पुकारायचंय."

पोराला सगळे पिएरो म्हणायचे. लपून राहण्याच्या दिवसांतलं ते कागदावरचं नाव, तेच चिकटलं. ज्यू नाव काय ठेवलं, हे आजवर कोणाला कळलं नव्हतं. तो जन्मला तेव्हा आर्मां आणि फेलिसी सव्हॉयच्या डोंगरात दडलेले, मातिल्द लिमोझला खोट्या नावाने स्वयंपाकीण. रेजीनजवळ आशीलखेरीज होती ती फक्त मातिल्दची म्हातारी आई, दोर्दोन्यच्या एका शेतावर. नंतर विचारलं की रेजीन म्हणायची, "आशील म्हणालेत, बाबांना मी स्वतः सांगेन." आणि आशील तर गेला. मग कोणी जोर केला नाही.

"इसाकच असणार," आर्मां म्हणाला. "माझ्या बापाचं. हो ना?"

रेजीनने मान हलवली. नाही.

"मग? आणि त्याच्या सुंतेचं कापड कुठाय?" मातिल्द कडाडली. "ते असतं तर हा दुकानातला रुमाल आलाच नसता घरात! तुमच्याकडे ही रीत नसेल, पण आशीलला तर ठाऊक होती!"

रेजीनने सोललेली नाशपाती ताटलीत ठेवली, हात एप्रनला पुसले आणि उठून टेबलापाशी आली. ओल्या मप्प्यावरच्या डागावर तिने बोट ठेवलं.

"आत्या, घासू नका. तो निघायचा नाही. मीसुद्धा खूप घासला होता."

मातिल्द बघतच राहिली.

"सुंता तिथेच झाली, शेतावरच्या घरात," रेजीन सांगू लागली. "सुंता करणारे, मूळ कोल्मारचे एक म्हातारे गृहस्थ सायकलवरून आले, सुरी पावात खुपसून. पकडले असते तर सगळेच गेलो असतो. शेजारी म्हणत होते, आत्ता कशाला खूण करता पोराला? पण आशील ऐकेनात. म्हणाले, माझा मुलगा कोण आहे हे लपवीन, पण पुसणार नाही. घरात धड एक चादर नव्हती. आणि आजीने परकराखालून हे सोडलं. म्हणाली, ह्याच्यावर ठेव त्याला. मी म्हटलं, अहो आजी, रक्त लागेल! तर म्हणे, लागू दे."

"मग?" फेलिसीने विचारलं.

"मग लागलं. मला काय ठाऊक, आई? आमच्यात मप्पे नसतात. मला वाटलं म्हातारपणामुळे आजीला भान राहिलं नाही, एवढी जपलेली वस्तू खराब झाली. दुसऱ्या दिवशी मी ओढ्यावर नेऊन राखेने घासली. आजी अशी रागावली! 'कोणी सांगितलं तुला धुवायला?' म्हणाली. मला वाटलं, डागासाठीच रागावली. तेव्हापासून भीती वाटायची, आत्यांना कळलं की त्या मला घराबाहेर काढतील."

मातिल्द मटकन स्टुलावर बसली. लिंबाच्या साली तिच्या मांडीवर पडल्या, तिला पत्ता नव्हता. सकाळपासून आपण काय पुसून काढत होतो, हे आता तिच्या ध्यानात आलं, आणि तिला स्वतःच्या हातांची लाज वाटली.

"म्हणजे," फेलिसी हळूच म्हणाली, "हा पोराचाच मप्पा."

"नाव," आर्मां म्हणाला. एवढा हळू बोललेला तो कोणी ऐकला नव्हता. "नाव काय ठेवलं, पोरी?"

"कापडावर आहे तेच, बाबा. एलियेझर. म्हणजे लाझार." रेजीनने त्याच्याकडे सरळ बघितलं. "आशील म्हणाले, बाबा ज्याचं नाव घेत नाहीत त्याचंच ठेवू. नातू आहे, दिवसातून दहादा हाक मारावी लागेल. पण तू सांगू नकोस, त्यांना राग येईल. गावी पोचलो की मीच सांगेन, मला काही ते मारणार नाहीत."

आर्मां वळला आणि अंगणात निघून गेला. गोठ्याचं दार वाजलं. गोठा रिकामा होता, सहा वर्षांत एक गाय उरली नव्हती, पण त्याला जायला दुसरी जागा नव्हती. फेलिसी दारापर्यंत गेली आणि परत आली. "रडू दे," ती म्हणाली. "आशील गेला तेव्हा रडला नव्हता."

तो आला तेव्हा डोळे लाल होते. त्याने काही न बोलता टेबलावरची कात्री उचलली. मातिल्द ताडकन उठून मप्प्याच्या आड उभी राहिली. पण आर्मांने खोका ओढला, दुकानातलं नवं कापड बाहेर काढलं आणि कडेची तिरंगी फीत सोडून मधून एक सरळ पट्टी कापली.

"ही टोकाला जोड," तो म्हणाला. "वर आमच्या बाबांचं नाव आहे. पोराच्या बापाचं नाव भरायला जागा नको?"

"आणि फीत?" मातिल्दने विचारलं. "ती पण लावू शेवटी? म्हणजे दोन्ही होतील."

आर्मांने क्षणभर विचार केला.

"नको. झेंडे खूप झाले. नाव भर."

मग काय विचारता! ऊन खिडकीतून खाली सरकत होतं आणि दोघी बायका एकाच पट्टीवर दोन टोकांनी तुटून पडल्या होत्या. फेलिसी दर थोड्या वेळाने ओरडायची, "सूर्य बघा गं, सूर्य!" रेजीन शिंप्याची लेक, तिची सुई अशी पळत होती की मातिल्दचे टाके शेजारी शेळीने चावल्यासारखे दिसू लागले. मातिल्दने आपले दोन उसवले, गुपचूप.

"आत्या, राहू दे ना, चालतंय."

"काही चालत नाही. ब्रुन्शविगांचा मप्पा आहे." मग नाक ओढून ती म्हणाली, "तुम्हा पोलंडकडच्यांना मासा करता येत नाही. पण टाका येतो हो, मान्य आहे."

रेजीन हसली, आणि हसता हसता डोळे पुसले. शेवटचा धागा तोडला तेव्हा फेलिसी काडी पेटवून दिव्यापाशी उभीच होती.

दुसऱ्या दिवशी सिनेगॉग गच्च भरलं होतं. पूर्वीच्या मानाने ज्यू माणसं कमी, पण गावातले कॅथलिक शेजारीही मागे उभे होते. त्यांतल्याच एका द्राक्षवाल्याने तोराची एक गुंडाळी आपल्या तळघरात सांभाळली होती. खिडक्यांना काचा नव्हत्या, चिमण्या खुशाल आतबाहेर करत होत्या. मातिल्द वरच्या सज्ज्यात बायकांच्या पहिल्या रांगेत बसली, कठड्याला घट्ट धरून. एका बाजूला फेलिसी, दुसऱ्या बाजूला रेजीन. आज तिने रेजीनला स्वतःच्या शेजारी ओढून बसवलं होतं, सगळ्यांना दिसेल असं.

वाचन झालं. तोरा उंच उचलून सगळ्यांना दाखवली. आर्मांने घसा साफ केला आणि बाजारात गुरं पुकारतात तशा आवाजात पुकारलं, "एलियेझर बेन आशेर!" आशेरचा मुलगा एलियेझर; आशेर म्हणजे आशील. रेजीनने मातिल्दचा हात पकडला.

पोर आलं. पांढरे मोजे, आजोबांनी चापून बसवलेले केस, दोन्ही हातांत मप्प्याची गुंडाळी छातीशी धरलेली. आर्मांने त्याला उचलून पायरीवर उभं केलं. मप्पा उलगडू लागला. नाव आलं, आशीर्वाद आले, मंडप आला. आणि मग तो झेंडा आला, काळा-पांढरा-लाल, खिडकीतून पडलेल्या उन्हात, पहिल्या बाकावर बसलेल्या कर्नलच्या नाकासमोर.

कर्नलचा चेहरा ताठरला. त्याच्या मांडीवर पदकाची निळी डबी होती. मागे कुजबुज सुरू झाली.

"ब्रुन्शविग," कर्नल म्हणाला, आवाज दाबून, पण एवढ्या शांततेत तो सज्ज्यापर्यंत आला. "हे रंग इथे?"

खाली आर्मां सरळ झाला, जेवढा त्या पायावर होता येतं तेवढा, आणि त्याने आवाज अजिबात दाबला नाही.

"माझ्या थोरल्या भावाचे आहेत, साहेब. तो त्यांच्या वर्दीत मेला, मी तुमच्या वर्दीत लढलो. त्यांच्या शेजारी डाग दिसतो ना, तो ह्या पोराच्या सुंतेचा, जर्मन शोधत फिरत होते तेव्हाचा. आणि ह्याचा बाप कसा गेला ते तुम्ही मला सांगायला आलात. हे सगळं एकाच कापडावर आहे. काल मी कात्री घेतली होती, खोटं कशाला बोलू? पण आमच्यात काय कापायचं ते आठव्या दिवशी कापून होतं. त्यानंतर आम्ही आमचं काही कापून टाकत नाही."

सज्ज्यात फेलिसी फसकन हसली. मग तिच्या शेजारची हसली, मग खाली म्हातारे पुरुष, मग मागचे कॅथलिक शेजारी, ज्यांना निम्मंच कळलं होतं. मातिल्दला वाटलं, हा विनोद आर्मांचा नव्हेच. असा विनोद ह्या घरात एकालाच जमायचा. कर्नलने खाली बघितलं, मग टोपी नीट केली आणि उठून उभा राहिला. पोराचं बांधून होईपर्यंत तो उभाच होता.

ह्या गडबडीत पोराचे हात ढिले पडले होते. मप्पा गुंडाळीवरून घसरून जमिनीकडे निघाला. आर्मां त्या न वाकणाऱ्या पायावर कसाबसा वाकला, त्याने कापडाचं टोक पकडून त्या चिमुकल्या मुठीत दिलं आणि ती मूठ आपल्या हाताने मिटली.

"ओढ, लाझार," तो म्हणाला. "घट्ट ओढ."

वर मातिल्दने कठडा सोडला. खाली लाझारने जीभ बाहेर काढली, दोन्ही पाय रोवले आणि ओढला.